भाद्रपदातल्या सपाट रेषा

महालक्ष्म्या यायच्या दिवशी सकाळी परभणीच्या जोगदंडांच्या स्वयंपाकघरात बायका फुलोऱ्याच्या करंज्या भरत बसल्या होत्या, आणि बोलणं पट्ट्यांवर आलं.

"आमच्या वेळी सगळा अंदाजाचा कारभार," शेजारच्या सत्यभामाकाकू म्हणाल्या. "गोळी घ्यायची अन् देवाचं नाव घ्यायचं. एका वर्षी ऐन नैवेद्याला मला अडचण आली. सासूनं पुरणाचं पातेलं तसंच उचलून गायीला घातलं."

"आता पट्टी आधीच तारीख सांगती," प्रणिताच्या सासूबाई म्हणाल्या. त्यांना घरात सगळ्या आत्याबाई म्हणत. "तारीख सणात पडायली दिसलं की आठ दिवस आधी गोळी सुरू. निवांत काम. आमच्या थोरलीनं लै पुण्याचं काम केलंय बघा."

थोरली म्हणजे प्रणिता. ती हसली आणि करंजीची कड मुरडत राहिली. ती जीवरसायनशास्त्रज्ञ होती. छत्रपती संभाजीनगरच्या ज्या संस्थेत ही पट्टी मराठवाड्यासाठी जुळवून घेतली गेली, तिथे त्या कामाची प्रमुख तीच होती. दंडाला चिकटवायची, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी पट्टी. कडेला एक ठिपका. सगळं ठीक असेल तर हिरवा, नसेल तर तांबडा. सरकारी योजनेत ती फुकट मिळत असल्यामुळे आता गावोगाव जवळजवळ प्रत्येक बाईच्या दंडावर होती.

"तू कधी सुरू केलीस गं?" काकूंनी धाकट्या सुनेला, रेणुकाला विचारलं.

"मला यंदा गोळी लागलीच नाही."

"बघा, लक्ष्मी प्रसन्न आहे हिच्यावर," आत्याबाई म्हणाल्या. "ड्रायव्हरीण बाईला देवसुद्धा भितो."

सगळ्या हसल्या. रेणुका एसटीची चालक होती, परभणी-जिंतूर गाडीवर. लग्न ठरताना तिने एवढी एकच अट घातली होती, की नोकरी सोडणार नाही. आत्याबाईंनी ती अट महिनाभर कुरकुरत मान्य केली आणि नंतर गल्लीभर सांगत सुटल्या की माझी सून एवढी मोठी गाडी एका हातानं वळवते.

दुपारी मागच्या अंगणात नळाशी भांडी विसळताना रेणुका हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू का? पाळी आलीच नाही मला. आषाढापासून."

"दिवस गेलेत का बघितलंस?"

"दोनदा बघितलं. नाही. बालाजीला वाटायलंय मी काही लपवून ठेवलंय." नवऱ्याचं नाव घेऊन ती कसनुसं हसली. "पण पट्टी हिरवी आहे. म्हणून मी गप बसले."

प्रणिताने तिचा फोन हातात घेतला. पडद्यावर तीन रेषा होत्या, तिन्ही जमिनीलगत, सपाट. अशा रेषा तिने हजारोंनी पाहिल्या होत्या. खाली ओळ होती : तुमच्या भागात या ऋतूत असे आढळते. काळजीचे कारण नाही. ती ओळ तिनेच लिहिली होती.

"आपल्याकडं या दिवसांत बऱ्याच जणींचं होतं असं," ती म्हणाली. "पावसाळ्याचा परिणाम असतो. ऊन कमी, उपास जास्त, झोपेची वेळ बदललेली. दिवाळीनंतर आपोआप सुरळीत होतं."

"तुम्ही म्हणताय म्हणल्यावर झालं," रेणुका म्हणाली आणि पातेलं घासायला लागली.

*

पाळी चुकते म्हणजे काय होतं, हे प्रणिता नव्या सहकाऱ्यांना नेहमी एकाच पद्धतीने समजावत असे. रक्तस्राव ही सगळ्यात शेवटी येणारी बातमी आहे, ती म्हणायची. घटना वर डोक्यात घडते. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी लोंबते, तिचं नाव पीयूषिका. ती तासा-दीड तासाने एक छोटा झटका रक्तात सोडते. त्या झटक्यांच्या तालावर ओटीपोटातला बीजांडकोश काम करतो. बीज पिकतं तसं इस्ट्रोजेन वाढतं, बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन वाढतं. दोन्ही ओसरले की गर्भाशयाचं अस्तर गळतं, आणि आपण म्हणतो पाळी आली. या साखळीत कुठेही काही अडलं तरी बाहेरून दिसतं ते एकच : पाळी आली नाही. उपासमार, अतिश्रम, थायरॉइड, गर्भ, गाठ, दुःख, सगळ्यांची बातमी सारखीच.

पट्टीच्या खालच्या बाजूला केसाहून बारीक सुया होत्या. त्या कातडीखालच्या पाण्यातून तीन गोष्टी मोजत : पीयूषिकेचा झटका, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन. चौथी गोष्ट, दूध आणणारं प्रोलॅक्टिन, मोजायची की नाही यावर बरीच चर्चा झाली होती. ते झोपेने बदलतं, धसक्याने बदलतं, नुसतं जेवल्याने बदलतं. इतकी चंचल रेषा यंत्राला गोंधळात टाकेल म्हणून ती वगळली.

पट्टी देशभर लागली त्या पहिल्या वर्षी भाद्रपदात मराठवाड्यात हाहाकार उडाला. परभणी, हिंगोली, नांदेड, जालना, सगळीकडे ठिपके एकदम तांबडे झाले. जिल्हा रुग्णालयांसमोर बायकांच्या रांगा लागल्या. तपासण्या केल्या तर कुणाला काहीच नव्हतं. काही आठवड्यांत त्यांच्या पाळ्या परत येत, दसऱ्याच्या सुमाराला रेषा पुन्हा सपाट होत, आणि दिवाळीनंतर सगळं पूर्ववत. ज्यांना खरोखर आजार होते त्या त्या गर्दीत ताटकळत राहिल्या.

प्रणिताने त्यावर काम केलं. पट्टी दर महिन्याला एक प्रश्न विचारत असे : सध्या कोणते औषध चालू आहे का? जवळजवळ सगळ्यांचं उत्तर होतं, नाही. म्हणजे कारण औषध नव्हतं. मग तिने ढगाळ दिवस, उपास आणि रात्रीच्या जागरणांच्या नोंदी रेषांशी जुळवून पाहिल्या, आणि त्या जुळल्या. तिने यंत्राला शिकवलं की या जिल्ह्यांत, श्रावण ते दिवाळी, तिन्ही रेषा सपाट असणं ही इथली रीत आहे. यंत्र त्यापुढेही शिकलं : जिच्या रेषा एक हंगाम सपाट राहिल्या, तिच्यासाठी सपाट हेच नेहमीचं. पुढच्या वर्षी रांगा लागल्या नाहीत. तिच्या शोधनिबंधाचं कौतुक झालं. डॉक्टरही पट्टीवर विसंबायला लागले. ठिपका तांबडा असेल तरच मोठ्या तपासणीची चिठ्ठी निघेल, असा नियम झाला.

*

फाल्गुनात धनंजयने, प्रणिताच्या नवऱ्याने, तिला प्रयोगशाळेत फोन केला.

"रेणुकाच्या गाडीनं मोटरसायकलवाल्याला उडवलं. जिंतूर फाट्यावर. तो जिवंत आहे, पाय गेलाय कामातून. हिला निलंबित केलंय. घरी कुणाशी बोलत नाही. तू जरा येतेस का?"

प्रणिता परभणीला पोचली तेव्हा रेणुका पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. बालाजी दारात उभा होता.

"तो डावीकडून आला म्हणतात सगळे," रेणुका म्हणाली. "ताई, आईशपथ, मला तो दिसलाच नाही. मी फोनवर नव्हते. झोपले नव्हते. समोरचं सगळं स्वच्छ दिसतंय मला."

"मागच्या महिन्यात आगाराच्या फाटकाला घासली होती हिनं," बालाजी म्हणाला. "त्याच्या आधी घरातल्या चौकटीला दोनदा धडकली. मी म्हणलं लक्ष कुठं असतं तुझं."

प्रणिता तिच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "माझ्या नाकाकडं बघ. नजर हलवू नको." तिने दोन्ही हात बाजूला पसरले आणि बोटं हलवायला लागली. "बोटं दिसली की सांग."

रेणुका तिच्या नाकाकडे बघत राहिली. प्रणिता हात हळूहळू आत आणत गेली. रेणुका काहीच बोलली नाही. हात प्रणिताच्या गालांजवळ आले तेव्हा ती म्हणाली, "आता दिसली."

प्रणिताने हात मांडीवर ठेवले. तिला पुढचा प्रश्न विचारायचा होता आणि नव्हताही.

"बालाजी, जरा पाणी आणता?" तो गेल्यावर तिने विचारलं, "पाळी?"

"नाहीच आली."

"डोकं दुखतं?"

"गाडी चालवून सगळ्यांचंच दुखतं."

"छातीतून दूध येतं का?"

रेणुकाने पहिल्यांदा मान वर केली. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "तुम्हाला कुणी सांगितलं?" मग थांबून म्हणाली, "संक्रांतीपासून येतंय. मला वाटलं, तपासणी चुकत असंल. अंगावर दूध आलं म्हणजे आत काहीतरी असणारच ना. मी कुणाला सांगितलं नाही. दृष्ट लागती. एकटीच डॉक्टरकडं गेले. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं, म्हणले पट्टी हिरवी आहे, चिठ्ठी निघत नाही. म्हणले, बाईला मूल पाहिजे असलं की मन असं करतं." तिने पदर सारखा केला. "नाहीये का मग, ताई?"

"नाही," प्रणिता म्हणाली.

*

पीयूषिकेवर गाठ होती, मोठ्या बोराएवढी. ती प्रोलॅक्टिन तयार करत होती, म्हणून दूध. प्रोलॅक्टिनने पीयूषिकेचे झटके बंद पाडले होते, म्हणून पाळी नाही. आणि पीयूषिकेच्या अगदी वर जिथे दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात, तिथे ती गाठ खालून दाबत होती. त्या चौकात मधोमध जे तंतू ओलांडतात, ते दोन्ही बाजूंचं दृश्य आणतात. म्हणून समोरचं शाबूत आणि कडेचं गेलेलं.

शस्त्रक्रिया करणाऱ्या बाई पन्नाशीच्या, मितभाषी होत्या. त्यांनी प्रणिताला डोळ्याच्या आतल्या पडद्याचं चित्र दाखवलं. नसेचं टोक गुलाबी असायला हवं. ते खडूसारखं पांढरं होतं.

"दाब काढते. आहे तेवढी नजर वाचवायचा प्रयत्न करू," त्या म्हणाल्या. "गेलेली परत येईल असं मी सांगणार नाही. नस वाळली आहे."

"लवकर आली असती तर?"

"पाळी बंद झाली तेव्हा आली असती तर शस्त्रक्रियाच लागली नसती. आठवड्याला एक-दोन गोळ्या, गाठ आपोआप आक्रसली असती. हा यातला सोपा आजार आहे, मॅडम. पाळी चुकली की रक्तातलं प्रोलॅक्टिन बघायचं, हे आम्ही विद्यार्थिदशेत पाठ करायचो. हिच्या पट्टीने काही सांगितलं नाही का?"

प्रणिता बाहेर बाकावर येऊन बसली. रेणुकाचा फोन तिच्याकडेच होता. तिने त्यातल्या श्रावणापासूनच्या रेषा काढल्या. मग तिने स्वतःच्या फोनवर स्वतःच्या रेषा काढल्या. का, ते तिला नंतर सांगता आलं नसतं. तिच्या दंडावरही पट्टी होतीच, पहिल्या दिवसापासून.

भाद्रपदातल्या तिच्या तिन्ही रेषा सपाट होत्या. रेणुकाच्या रेषांशेजारी ठेवल्या तर कुणाच्या कोणत्या, ते ओळखू आलं नसतं.

प्रणिताच्या डोक्यात गाठ नव्हती. तिने गोळी घेतली होती. दर वर्षी घ्यायची. सासरी जायच्या आधी पट्टी तारीख सांगायची, तारीख सणात पडली तर ती घराखालच्या दुकानातून एक पाकीट आणायची. ती गोळी प्रोजेस्टेरॉनचं सोंग घेते. पीयूषिका फसते, झटके थांबवते, बीजांडकोश गप्प होतो. पट्टीला मात्र फक्त शरीराचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉन ओळखता येतं, सोंग ओळखता येत नाही. तिला तीन शांत रेषा दिसतात.

आणि भाद्रपदात पट्टीने जेव्हा विचारलं होतं, सध्या कोणते औषध चालू आहे का, तेव्हा तिने बोटाने नाही दाबलं होतं. खोटं बोलावं म्हणून नव्हे. तो प्रश्न त्या गोळीबद्दल आहे असं तिला वाटलंच नाही. औषध म्हणजे आजारपणाचं. ही गोळी सणाच्या सामानातली होती, हळदकुंकू आणि खणाबरोबर आणायची. जिल्ह्याजिल्ह्यातल्या बायकांनी तिच्यासारखंच केलं होतं. श्रावणातली मंगळागौर, मग महालक्ष्म्या, मग नवरात्र, मग दिवाळी. पूर्वी अंदाजाने, कधीतरी घ्यायची गोळी पट्टीने नेमकी तारीख सांगायला लागल्यापासून सगळ्याच घ्यायला लागल्या होत्या. पट्टीनेच गोळ्या वाढवल्या. गोळ्यांनी रेषा सपाट केल्या. त्या रेषा बघून प्रणिताने पट्टीला शिकवलं की इथल्या बायका अशाच असतात.

ढग आणि उपास त्याच दिवसांत येतात. ते जुळणारच होते.

*

संस्थेचे संचालक अंबेकर सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. दोन्ही आलेख बराच वेळ बघितले.

"तुमच्या जाऊबाई आता कशा आहेत?"

"शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला. नजर समोरच्या नळीएवढी आहे. गाडी चालवता येणार नाही."

त्यांनी आलेख टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "काय करावं म्हणता?"

"आजपासून मराठवाड्यातली रीत यंत्रातून काढा. सपाट रेषा तांबडी करा."

"म्हणजे पहिल्या वर्षासारखं. लाखो तांबडे ठिपके, दवाखान्यांत चेंगराचेंगरी, आणि खरी आजारी बाई रांगेत मागे. तुम्हीच ते थांबवलं होतं, प्रणिता."

"मग गोळीबद्दल स्पष्ट विचारा. औषध म्हणू नका. पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली का, असं विचारा."

"विचारू. खरं सांगतील?"

तिने स्वतःचा आलेख त्यांच्यापुढे सरकवला.

"आणि सोंग ओळखणारी नवी सुई?" सरांनी विचारलं.

"तयार व्हायला काही वर्षं जातील. मग मंजुरी."

"रेणुकाबाईंसारख्या आणखी किती असतील?"

"फार नसतील. लाखात थोड्या."

"पण आहेत."

"आहेत, सर. कोणत्या ते शोधायला आता आपल्याकडं काही उरलेलं नाही. जी खूण बघून त्या सापडल्या असत्या, तीच आपण निर्दोष ठरवली. सगळ्या एकाच रेषेत झोपल्यात, गोळीवाल्या आणि गाठवाल्या."

अंबेकर सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "प्रश्न बदलू," ते म्हणाले. "तेवढं करता येईल."

*

प्रश्न बदलला. पावसाळा सुरू व्हायच्या आत सगळ्या फोनवर तो नवा, स्पष्ट प्रश्न आला. आठवड्याभरात गावागावांत बोलवा उठली, की हो म्हटलं तर ठिपका तांबडा होतो आणि जिल्ह्याच्या गावी खेटे घालावे लागतात. त्याहून वाईट म्हणजे पट्टीचं घरचं खातं नवऱ्याच्या नावावर असायचं, आणि हो हे उत्तर त्याच्या पडद्यावर दिसायचं. ज्या घरी नातवाची वाट बघत होते, तिथे सून कसली तरी गोळी घेते एवढंच पुरे होतं. कोणती गोळी आणि कशासाठी, हे कोण विचारत बसणार. पूर्वी बायका न कळून नाही म्हणत होत्या. आता कळून नाही म्हणायला लागल्या.

प्रणिताने त्या भाद्रपदातही गोळी घेतली. घ्यायची नाही असं तिने ठरवलं होतं. पण रेणुकाला चुलीजवळ बसवायची सोय नव्हती, आत्याबाईंचे गुडघे गेले होते, आणि सोवळ्यातला स्वयंपाक करायला दुसरी कुणी बाई घरात नव्हती. तिने प्रश्नाला हो असं उत्तर दिलं. थोड्या वेळाने पडद्यावर ओळ आली : आपले उत्तर आपल्या भागातील नोंदींशी जुळत नाही. कृपया पुन्हा तपासा. तिने पुन्हा हो दाबलं. तीच ओळ पुन्हा आली.

पूजनाच्या दिवशी रेणुकाला पाळी आली. शस्त्रक्रियेनंतर उरलेली गाठ गोळ्यांनी विरघळत चालली होती, आणि गेले काही महिने तिची पाळी अगदी घड्याळासारखी येत होती. तिने पुढे ढकलायची गोळी घेतली नव्हती. डॉक्टरांनी मना केलं होतं. ती आपणहून मागच्या खोलीत जाऊन बसली. दारातून मांडवाचा एक कोपरा दिसत होता, मुखवटे दिसत नव्हते. तिला तसेही ते एका वेळी दोन्ही दिसले नसते.

नैवेद्य झाल्यावर प्रणिता तिचं ताट घेऊन गेली. पुरणपोळी, कढी, आंबील, भाज्या.

"सोळाही भाज्या केल्यात का?" रेणुकाने विचारलं. ताट नीट दिसावं म्हणून तिने मान खाली घालून डावीकडून उजवीकडे फिरवली.

"केल्यात. भोपळ्याची करपली."

"आत्याबाईंनी ऐकवलं असंल."

"म्हणाल्या, शास्त्रज्ञीण बाईंनी भोपळ्याचा प्रयोग केला."

रेणुका हसली. मग तिने पोळीचा तुकडा मोडला आणि हातात धरून बसली. "आगारात घोषणा करायला बसवलंय मला. जिंतूर गाडी फलाट क्रमांक तीनवर लागेल. गाडी गेली की आवाज येतो फक्त." थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्या पोराचा पाय सरळ होत नाही म्हणे. मी भेटायला गेले होते. त्याची आई म्हणाली, तुझ्या डोळ्यांचं कळलं, बाई. एवढंच म्हणाली. चहा दिला."

तेवढ्यात सत्यभामाकाकू दारात आल्या. त्यांच्यामागे त्यांची नवी सून होती. तिचं नाव मयूरी, वैशाखात लग्न झालेली.

"प्रणिता, हिचं जरा बघ ना," काकू म्हणाल्या. "आषाढापासून हिला पाळी नाही. आम्ही म्हणलं गोड बातमी असंल, तर तेही नाही. पट्टी तर हिरवी आहे."

मयूरीने न सांगता दंड पुढे केला. ठिपका हिरवा होता. प्रणिताने तिचा फोन घेतला. तीन रेषा होत्या. जमिनीलगत.

"डोकं दुखतं का?"

"कधीकधी," मयूरी म्हणाली. "उपासाचं दुखतं."

"दिसायला नीट दिसतं?"

"दिसतं की."

"सणासाठी गोळी घेतलीस का, पुढं ढकलायची?"

"तिला कशाला गोळी?" काकू म्हणाल्या. "आम्हाला पाळणा हलवायचाय. आमच्या घरात गोळीचं नाव नाही. मी एकटी घेत होते, तेही आता सरलं."

मयूरी खाली बघत होती. "नाही घेतली," ती म्हणाली.

"काकू, बाहेर आत्याबाई एकट्याच आरतीची तयारी करतायत," प्रणिता म्हणाली. "तुम्ही जरा बघता? मी हिला पाठवते."

काकू गेल्या. प्रणिताने दार लोटलं.

"आता सांग. मी कुणाला सांगणार नाही. घेत असशील तर काही बिघडत नाही, बंद केलीस की पाळी येईल. घेत नसशील तर तुला उद्याच्या उद्या माझ्याबरोबर यावं लागेल. रक्त तपासायला, फोटो काढायला. चिठ्ठी नसली तरी मी बघते काय करायचं ते."

"माझ्याबरोबर म्हणजे कुठं? सणात? मग घरी सगळ्यांना कळंल."

"काय कळेल?"

मयूरी दाराकडे सरकली.

"इकडं ये," रेणुका म्हणाली. "तिथं नको, माझ्यासमोर. अशी. आता दिसायलीस." तिने मयूरीच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग मान वळवून हातांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. "पोरी, मीबी घाबरत होते सांगायला. मूल नको असंल तुला इतक्यात, तर नको म्हण. त्यानं कुणी मरत नाही. पण खरं सांग. घेतीस का गोळी?"

बाहेर आरती सुरू झाली होती. मयूरीने एकदा दाराकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर भीती होती. पण कोणाची, ते त्या चेहऱ्यावरून समजत नव्हतं. नवऱ्याची असू शकत होती, सासूची, किंवा नुकतंच तिला जे सांगितलं गेलं त्याची.

"नाही, ताई," ती म्हणाली. "खरंच नाही घेत. जाऊ का मी? आरती चाललीय."

प्रणिता तिच्याकडे बघत राहिली. तिने आयुष्यभर मोजमापं केली होती. या एका शब्दाचं माप तिच्याकडे नव्हतं. तो खोटा असेल तर मुलगी सुखरूप होती. खरा असेल तर तिचे डोळे आत्ता, या खोलीत, आरती ऐकता ऐकता जात होते.

"उद्या सकाळी ये," ती म्हणाली. "मी गाडी घेऊन दारात थांबते."

"हो," मयूरी म्हणाली, आणि दार उघडून गेली.

दुसऱ्या दिवशी प्रणिता सकाळपासून गाडीत बसून राहिली. ऊन वर आल्यावर काकू अंगणात आल्या, आणि मयूरी पहाटेच्या गाडीने माहेरी गेली म्हणाल्या. पोरीला पहिल्या सणाला माहेरची आठवण आली, दुसरं काही नाही, आणि पट्टी तर हिरवीच आहे.